मतदार यादीत नाव नसलं तरी: कॅनडात पर्यावरणाच्या प्रश्नावर सरकारकडून लेखी उत्तर कसं मिळवायचं

ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन या पट्ट्यातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपण अजून पीआरवर, आपलं कोण ऐकतंय?" (पीआर म्हणजे नागरिकत्व नसताना कायम राहण्याचा दर्जा.) घरामागची पाणथळ जागा बुजवली जात असते, जवळच्या कारखान्याचा वास रात्री खिडकीतून आत येत असतो, नव्या हायवेची आखणी शेतांमधून जात असते, आणि माणसं नागरिकत्वाची वाट बघत गप्प बसतात. हा लेख त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. कॅनडात मत द्यायला नागरिकत्व लागतं, पण सरकारला जाब विचारायला ते लागत नाही. इथल्या कायद्यांत काही वाटा अशा आहेत की त्या वाटेने गेलेल्या प्रश्नाला सरकारला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावंच लागतं. आपली बरीच मंडळी या वाटा सोडून भलत्याच ठिकाणी सह्या करतात आणि मग "इथेही काही होत नाही" म्हणून नाद सोडतात. मी ओंटारियोत राहते, त्यामुळे प्रांताचा भाग ओंटारियोचा आहे. फेडरल सरकारचा भाग देशात कुठेही असलात तरी तुमच्या उपयोगाचा आहे.

१. तुमच्या दर्जावर काय काय करता येतं

मतदान तिन्ही पातळ्यांवर, म्हणजे देश, प्रांत आणि महापालिका, फक्त नागरिकांना आहे. बाकीचं चित्र बरंच मोकळं आहे.

- हाउस ऑफ कॉमन्सच्या याचिकेवर सही: कॅनडात राहणारा कोणीही. वयाची अट नाही, म्हणजे शाळकरी मुलगीही करू शकते.
- फेडरल सरकारकडे माहितीचा अर्ज: नागरिक, पीआर किंवा देशात हजर असलेली कोणतीही व्यक्ती. स्टडी परमिटवरचा विद्यार्थीही.
- फेडरल ऑडिटर जनरलकडे (सरकारच्या लेखापरीक्षकाकडे) पर्यावरण याचिका: कॅनडाचा कोणताही रहिवासी, एकट्याने.
- प्रस्तावावर हरकती-सूचना, महापालिकेच्या समितीपुढे बोलणं, खासदाराला भेटणं: दर्जा कोणी विचारत नाही.
- पक्षाचं सदस्यत्व: लिबरल आणि कंझर्व्हेटिव्ह या दोन्ही पक्षांत पीआर असलेल्याला वयाच्या १४ व्या वर्षापासून मिळतं. पक्षाचा उमेदवार आणि नेता निवडताना त्याला मत असतं. हे आपल्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.
- फेडरल पक्षाला देणगी: फक्त नागरिक आणि पीआर. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असाल तर देऊ नका, तो कायद्याचा भंग होतो.

बोलण्याचं आणि शांततेने जमण्याचं स्वातंत्र्य कॅनडाच्या चार्टरमध्ये, म्हणजे घटनेतल्या हक्कांच्या सनदेत, प्रत्येकाला दिलेलं आहे. मताचा हक्क मात्र त्याच चार्टरमध्ये नागरिकांपुरता आहे. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मी भीती जाते.

२. प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो ते ठरवा

चुकीच्या कार्यालयाला लिहिलं की टोलवाटोलवी सुरू होते आणि त्यात मुदत निघून जाते. ढोबळ विभागणी अशी:

झाडतोड, कचरा, नवीन इमारतींचे आराखडे, पावसाच्या पाण्याचा निचरा हे महापालिकेकडे. कारखान्याचा हवेतला आणि पाण्यातला परवाना, प्रांताचे हायवे, ग्रीनबेल्ट (टोरांटोभोवतीचा राखीव पट्टा), खाणी, जंगल, वीज हे प्रांताकडे. मासे असलेलं पाणी, स्थलांतरित पक्षी, विषारी रसायनांची यादी, प्रांतांच्या सीमा ओलांडणाऱ्या पाइपलाइन आणि देशाची हवामानविषयक उद्दिष्टं हे ओटावाकडे, म्हणजे फेडरल सरकारकडे.

एकच प्रश्न दोन ठिकाणी लागू पडतो तेव्हा दोन्हीकडे जा. ओढ्यात तेलकट पाणी दिसलं तर ते प्रांताच्या स्पिल्स ॲक्शन सेंटरला ताबडतोब फोनवर कळवायचं, तिथे चोवीस तास माणूस असतो. त्या ओढ्यात मासे असतील तर फेडरल फिशरीज ॲक्टचं कलम ३६(३) लागतं; माशांच्या पाण्यात घातक पदार्थ सोडायला त्याने मनाई आहे आणि त्याची अंमलबजावणी एन्व्हायर्नमेंट अँड क्लायमेट चेंज कॅनडा हे खातं करतं. हे कलम लक्षात ठेवा. प्रांत हात वर करतो तेव्हा ते कामाला येतं.

३. जवळ काय काय ठेवायचं

- तुमचा पोस्टल कोड आणि पूर्ण पत्ता. तुम्ही त्या भागातले आहात हे दाखवायला याहून जास्त क्वचितच लागतं.
- फक्त या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता. पोच, क्रमांक, मुदतवाढीच्या नोटिसा सगळं एका जागी राहतं.
- माहितीच्या अर्जाचे ५ डॉलर भरायला कार्ड.
- एक साधी वही किंवा एक्सेल: पाठवल्याची तारीख, अर्जाचा क्रमांक, उत्तराची शेवटची तारीख.
- तारीख दिसेल असे फोटो, शक्यतो एकाच जागेवरून वेगवेगळ्या ऋतूंत काढलेले.
- नॅशनल पोल्युटंट रिलीज इन्व्हेंटरी. ही फेडरल सरकारची १९९३ पासूनची यादी आहे. कोणता कारखाना हवेत, पाण्यात, जमिनीत दर वर्षी काय आणि किती सोडतो ते यात कारखान्यांनी स्वतः कळवलेलं असतं. आपल्या भागातले कारखाने शोधा आणि मागच्या काही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. त्याच कारखान्याने स्वतः दिलेला आकडा पुढे केला की कोणाला तो नाकारता येत नाही.

४. खासदाराला एकच प्रश्न विचारा

हाउस ऑफ कॉमन्सच्या संकेतस्थळावर पोस्टल कोड टाकला की तुमचा खासदार कोण ते कळतं. त्याच पानावर त्याने कोणत्या विधेयकावर कसं मत दिलं ते दिसतं. विधेयकाचा प्रवास संसदेच्या लेजिसइन्फो या संकेतस्थळावर, सभागृहातली भाषणं हॅन्सार्ड या अधिकृत नोंदीत. पत्र लिहिण्याआधी हे वाचा. "आपण अमुक विधेयकाच्या विरोधात मत दिलंत, त्यामागचं कारण कळवावं" असं लिहिलेलं पत्र कार्यालयात बाजूला काढलं जातं, कारण त्याला छापील उत्तर चालत नाही.

पत्रात प्रश्न एकच असावा. हवामान, प्लास्टिक, जंगल आणि पाइपलाइन एकाच पत्रात कोंबली की उत्तरादाखल पक्षाचं माहितीपत्रक येतं. पोस्टल कोड ठळक लिहा, कारण मतदारसंघाबाहेरचं पत्र मागे पडतं. ओटावातल्या हाउस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर खासदाराला कागदी पत्र पाठवायला तिकीट लागत नाही.

भेट मागायची तर सभागृहाचं कामकाज नसलेल्या आठवड्यात मागा, तेव्हा खासदार मतदारसंघात असतात. खासदार न भेटता सहायक भेटला तर हिरमुसू नका. फाइल तोच चालवतो. भेटीनंतर त्याच दिवशी ईमेल करा: "आज आपण अमुक तारखेपर्यंत कळवतो म्हणालात, त्याची ही नोंद."

५. ओंटारियोची रजिस्ट्री: हरकती-सूचनांचे ३० दिवस

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानते, म्हणून जरा सविस्तर.

ओंटारियोत १९९३ चा एन्व्हायर्नमेंटल बिल ऑफ राइट्स हा कायदा आहे. पर्यावरणावर मोठा परिणाम करणारा कायदा, नियम, धोरण किंवा परवाना येऊ घातला असेल तर ठरलेल्या मंत्रालयांना तो एन्व्हायर्नमेंटल रजिस्ट्री ऑफ ओंटारियोवर टाकावा लागतो आणि किमान ३० दिवस लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. बोलताना सगळे याला ईआरओ म्हणतात. आपल्याकडच्या जनसुनावणीला मंडपात जाऊन बसावं लागतं. इथे घरबसल्या लिहिता येतं, पण तारीख चुकली की दार बंद.

काय करायचं ते क्रमाने:

पहिलं, संकेतस्थळावर खातं उघडून ईमेल सूचना लावा. वर्तमानपत्रात बातमी येईपर्यंत मुदतीचा बराच भाग संपलेला असतो.

दुसरं, सूचना आली की पानावरचा क्रमांक आणि शेवटची तारीख वहीत टिपा. वरचा गोषवारा वाचून थांबू नका. पानाच्या खालच्या बाजूला जोडलेली कागदपत्रं आणि नकाशे उघडा. कोणती जमीन आत येते आणि कोणती बाहेर जाते ते नकाशातच कळतं.

तिसरं, तुमचं म्हणणं लिहा. "निसर्ग वाचवा" या वाक्यावर कोणाला काही करता येत नाही. हे बघा: "मी अमुक पोस्टल कोडमध्ये राहते. नकाशा ३ मध्ये हंगामी म्हणून दाखवलेला ओढा एप्रिल ते जुलै सलग वाहतो, सोबत तारखेसह फोटो जोडले आहेत. बांधकाम ओढ्यापासून किती मीटर लांब राहील ते प्रस्तावात दिलेलं नाही. ते निर्णयात नमूद करावं." यात जागा आहे, पुरावा आहे आणि मागणी आहे. इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहावं लागतं, पण भाषा साधी असली तरी चालते. मराठीत मुद्दे काढून मग उतरवा. एखाद्या संस्थेने दिलेला तयार मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका. तसले शेकडो मजकूर एकाच गठ्ठ्यात धरले जातात. तुमच्या ओढ्याचं वर्णन दुसऱ्या कोणाच्या पत्रात नसतं.

चौथं, निर्णय जाहीर झाला की तेच पान पुन्हा उघडा. लोकांच्या म्हणण्याचा निर्णयावर काय परिणाम झाला हे मंत्रालयाला तिथे लिहावं लागतं. तो परिच्छेद जपून ठेवा. तुमच्या मुद्द्याला त्यात वाटाण्याच्या अक्षता लावल्या असतील तर पुढच्या प्रत्येक पत्रात तोच परिच्छेद उद्धृत करता येतो.

पाचवं, निर्णय एखाद्या कंपनीच्या परवान्याचा असेल तर अपिलाची परवानगी मागायला फक्त १५ दिवस मिळतात. यासाठी वकील आधीच गाठलेला असावा. आणि एखादा जुना नियम किंवा परवाना पुन्हा तपासा, अशी मागणी ओंटारियोचे कोणतेही दोन रहिवासी करू शकतात. नवरा-बायको दोघांनी मिळून केली तरी चालते.

"एवढं लिहून होतं काय?" या प्रश्नाला मी ग्रीनबेल्टचं उदाहरण देते. टोरांटोभोवतीचा सुमारे २० लाख एकरांचा हा शेतीचा आणि पाणथळ जमिनींचा पट्टा २००५ मध्ये कायद्याने राखून ठेवला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) डग फोर्ड यांच्या सरकारने त्यातली सुमारे ७,४०० एकर जमीन १५ ठिकाणी घरबांधणीसाठी मोकळी करायचा प्रस्ताव ईआरओवर टाकला. पिकरिंगमधला डफिन्स-रूज हा शेतीचा राखीव भागही त्यात होता. ३० दिवसांत ३५,००० हून जास्त लोकांनी लिहिलं, बहुतेकांनी विरोधात. सरकारने तरी जमीन काढलीच.

तिथे गोष्ट संपली असती. पण ते सगळं म्हणणं नोंदलेलं होतं, आणि प्रांताच्या ऑडिटर जनरल बॉनी लिसिक चौकशीला बसल्या तेव्हा ते समोर होतं. ९ ऑगस्ट २०२३ च्या त्यांच्या अहवालात आलं की जमिनींची निवड काही ठरावीक बिल्डरांना झुकतं माप देणारी होती आणि त्या जमिनींची किंमत ८.३ अब्ज डॉलरने वाढणार होती. तीनच आठवड्यांत मंत्री-आमदारांच्या वर्तनावर नजर ठेवणारे इंटिग्रिटी कमिशनर डेव्हिड वेक यांनी गृहनिर्माणमंत्री स्टीव्ह क्लार्क यांच्यावर ठपका ठेवला. ४ सप्टेंबरला क्लार्क यांनी राजीनामा दिला. २१ सप्टेंबरला फोर्ड यांनी माफी मागून निर्णय मागे घेतला, आणि जमीन परत ग्रीनबेल्टमध्ये आली. यात पत्रकार होते, शेतकरी होते, दोन स्वतंत्र अधिकारी होते. पण पाया त्या नोंदलेल्या हजारो हरकतींचा होता, असं माझं ठाम मत आहे.

ईआरओलाही पळवाटा आहेत, त्या माहीत असू द्या. या हक्कांवर देखरेख ठेवणारं स्वतंत्र पर्यावरण आयुक्तांचं कार्यालय प्रांताने २०१९ मध्ये बंद करून ते काम ऑडिटर जनरलकडे दिलं. २०२० मध्ये बिल १९७ हे विधेयक सरकारने लोकांना न विचारता पुढे रेटलं, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये डिव्हिजनल कोर्टाने मंत्र्यांनी कायदा मोडला असा निकाल दिला. २०२५ च्या बिल ५ या विधेयकाने टोरांटोच्या तळ्याकाठच्या ओंटारियो प्लेस या सार्वजनिक जागेच्या कामाला या जाहीर सूचनांमधूनच वगळलं. म्हणून एखादा प्रस्ताव रजिस्ट्रीवर दिसत नसेल तर "तो का टाकला नाही?" हाच तुमचा पहिला प्रश्न.

इतर प्रांतांची थोडक्यात नोंद: क्वेबेकात बीएपीई ही जनसुनावण्या घेणारी संस्था १९७८ पासून आहे. अल्बर्टात एनर्जी रेग्युलेटरपुढे हरकत घ्यायची तर प्रकल्पाचा तुम्हाला थेट आणि वाईट फटका बसतो हे दाखवावं लागतं, त्यामुळे तिथे जमीनमालक किंवा तिथल्या फर्स्ट नेशनसोबत (मूळनिवासी समाजासोबत) मिळून काम करणं भाग पडतं.

६. पर्यावरण याचिका: एकट्या माणसाच्या हातातलं साधन

ही वाट इतकी चांगली असून इतकी कमी वापरली जाते की मला राहून राहून नवल वाटतं.

फेडरल ऑडिटर जनरलच्या कार्यालयात कमिशनर ऑफ द एन्व्हायर्नमेंट अँड सस्टेनेबल डेव्हलपमेंट असं पद आहे. आपल्या कॅगच्या कार्यालयात फक्त पर्यावरणाचं लेखापरीक्षण करणारा एक वरिष्ठ अधिकारी असावा, तसं. ऑडिटर जनरल ॲक्टमध्ये १९९५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून कॅनडाचा कोणताही रहिवासी या कार्यालयामार्फत फेडरल मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारू शकतो. सह्या गोळा करायच्या नाहीत, फी नाही, खासदाराची शिफारस नाही. कार्यालय १५ दिवसांत याचिका संबंधित मंत्र्यांकडे धाडतं, मंत्र्यांना पोच द्यावी लागते, आणि याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वेळ जास्त लागणार असेल तर तसं आधी कळवावं लागतं. याचिका आणि उत्तरं दोन्हींची माहिती जाहीर होते.

सगळं यश प्रश्न कसा लिहिता यावर आहे. "सरकार नदीसाठी काय करतं?" असं विचारलंत तर चार पानी गुळमुळीत उत्तर येईल. त्याऐवजी असं विचारा: "२०२० ते २०२४ या काळात खात्याने अमुक कारखान्याची फिशरीज ॲक्टखाली किती वेळा तपासणी केली? प्रत्येक तपासणीची तारीख आणि निष्कर्ष काय? नोटीस दिली असल्यास तिचं पुढे काय झालं?" प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्या, म्हणजे कोणता गाळला ते लगेच दिसेल. आधी पार्श्वभूमी पान-दीड पानात, मग प्रश्न. नाव, पत्ता, सही विसरू नका. या कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुन्या याचिकांची सूची आहे. तुमच्या विषयावर आधी कोणी काय विचारलं ते बघून त्यापुढचं विचारा.

मर्यादाही सांगते. कमिशनर मंत्र्याला तुमच्या बाजूने निर्णय घ्यायला लावू शकत नाहीत. पण त्यांच्या अहवालांना वजन असतं. २०२१ मध्ये याच कार्यालयाने लिहिलं की २०१५ च्या पॅरिस करारानंतर जी-७ देशांत कॅनडाची कामगिरी सर्वांत वाईट राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनीच दाखवलं की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४० ते ४५ टक्के उत्सर्जन कमी करायचं उद्दिष्ट असताना तेव्हाच्या अंदाजानुसार घट ३४ टक्क्यांवरच थांबत होती. हे उद्दिष्ट २०२१ च्या नेट-झीरो उत्तरदायित्व कायद्याखाली ठरलेलं आहे. खासदाराला पत्र लिहिताना हे आकडे हाताशी ठेवा.

७. हाउस ऑफ कॉमन्सची ई-याचिका

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या खासगी संकेतस्थळांवरच्या याचिका आणि ही याचिका यांत मूलभूत फरक आहे. खासगी याचिकेवर लाखभर सह्या झाल्या तरी सरकार उत्तराला बांधील नाही. संसदेच्या ई-याचिकेवर ५०० वैध सह्या झाल्या आणि खासदाराने ती सभागृहात मांडली, की ४५ दिवसांत सरकारला उत्तर मांडावं लागतं.

मजकूर तयार करून संकेतस्थळावर भरा. पाच समर्थकांचे ईमेल द्या. एका खासदाराला ती मान्य करायची विनंती करा. तो तुमच्याच मतदारसंघातला असायला हवा असं नाही, आणि मान्य केली म्हणजे तो तुमच्याशी सहमत आहे असंही नाही. मुदत ३०, ६०, ९० किंवा १२० दिवस निवडता येते. आपल्या लोकांच्या ओळखी बघता १२० घ्या. मागणी फेडरल सरकारच्या अखत्यारीतलीच हवी आणि भाषा सभ्य हवी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. याचिका सुरू करणाऱ्याचं नाव आणि गाव जाहीर दिसतं, सही करणाऱ्यांचं दिसत नाही. आणि सही केल्यावर येणारा ईमेल उघडून दुवा दाबल्याशिवाय सही मोजली जात नाही. गणपतीत मंडळाच्या दारात टेबल मांडून सह्या घेणार असाल तर माणसाला तिथेच फोनवर तो ईमेल उघडायला लावा. नेट चालत नसेल तर कागदी याचिका घ्या. तिला २५ वैध सह्या पुरतात, पण प्रत्येकाने स्वतःच्या हाताने सही केलेली मूळ प्रत लागते.

८. माहिती मागवणे

आपल्याकडचा माहितीचा अधिकार वापरलेला असेल तर हे सोपं जाईल. कॅनडाचा ॲक्सेस टू इन्फर्मेशन ॲक्ट १९८३ पासून लागू आहे. फी ५ डॉलर, अर्ज ऑनलाइन, मुदत ३० दिवस. मुदतवाढ मात्र सर्रास घेतली जाते. उत्तर अपुरं वाटलं किंवा आलंच नाही तर इन्फर्मेशन कमिशनरकडे फुकट तक्रार करता येते. नकाराची किंवा मुदतवाढीची नोटीस मिळाल्यापासून तिची मुदत ६० दिवसांची आहे.

नवा अर्ज करण्याआधी ओपन गव्हर्नमेंट पोर्टलवर आधी दिलेल्या उत्तरांचे गोषवारे शोधा. तुम्हाला हवी ती कागदपत्रं कोणालातरी आधीच मिळाली असतील तर ती विनाशुल्क मागता येतात.

अर्जात काळ, खातं, विषय आणि कागदाचा प्रकार नेमका लिहा. शब्द निवडताना ग्रीनबेल्टचा धडा विसरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ओंटारियोच्या माहिती आयुक्तांनी दाखवून दिलं की त्या प्रकरणात कर्मचाऱ्यांनी ईमेलमध्ये ग्रीनबेल्ट हा शब्द टाळून ‘स्पेशल प्रोजेक्ट’ किंवा ‘जी’ अक्षर आणि पुढे चांदणी, असे संकेत वापरले होते. त्यामुळे नुसतं ग्रीनबेल्ट शोधून कागद सापडत नव्हते. म्हणून अर्जात प्रकल्पाचं नाव, जमिनीचा पत्ता, कंपनीचं नाव, आद्याक्षरं सगळं घाला. प्रांताचा माहितीचा कायदा वेगळा आहे, तिथे अर्ज करण्याआधी त्या दिवशीचे नियम वाचा.

याच्या जोडीला फेडरल लॉबिइस्ट रजिस्ट्री बघा. कोणत्या कंपनीचा माणूस कोणत्या महिन्यात कोणत्या मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला कोणत्या विषयावर भेटला याच्या नोंदी तिथे असतात. त्या तारखा हातात असल्या की माहितीच्या अर्जातला काळ आपोआप ठरतो.

९. महापालिकेपुढे पाच मिनिटं

शहराच्या समितीपुढे नागरिकांनी बोलण्याला डेप्युटेशन किंवा डेलिगेशन म्हणतात. अजेंडा काही दिवस आधी जाहीर होतो, नाव नोंदवायची शेवटची वेळ त्यावरच असते. बहुतेक ठिकाणी पाच मिनिटं मिळतात, गर्दी असली तर कमी. टोरांटोत लोकांना समितीपुढे बोलता येतं, पूर्ण कौन्सिलपुढे नाही. त्यामुळे समितीची बैठक चुकवली की संधी गेली.

पहिल्याच वाक्यात काय हवं ते सांगा: "आयटम सातमध्ये अमुक दुरुस्ती करावी." कारणं नंतर. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना, मुलांना बोलायला लावा. नगरसेवक त्याच त्या चेहऱ्यांना कंटाळलेले असतात, आणि रोज त्या वाटेने फिरायला जाणाऱ्या आजोबांना ओढ्याची जी माहिती असते ती सल्लागाराच्या अहवालात नसते.

१०. कुठे जपायचं

मोर्चात जाणं, फलक धरणं, घोषणा देणं कायदेशीर आहे. अडचण येते ती कोर्टाचा मनाई हुकूम असलेल्या जागी. व्हँकुव्हर बेटावर फेअरी क्रीकच्या जुन्या जंगलासाठीच्या आंदोलनात २०२१ मध्ये हजाराहून जास्त अटका झाल्या, त्या मनाई हुकूम मोडल्याबद्दल. नागरिक नसलेल्यांनी हे समजून घ्यावं की जे गुन्हे सौम्य किंवा गंभीर अशा दोन्ही प्रकारे चालवता येतात, ते इमिग्रेशनच्या कायद्यात गंभीर बाजूचे धरले जातात. मालमत्तेची नासधूस किंवा अडवणूक हा ‘मिस्चिफ’ गुन्हा त्यातलाच. परमिटवर असाल तर अडवणुकीच्या आंदोलनात उतरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. पोलिसांनी जागा सोडायला सांगितली तर सोडा.

बिल्डरने किंवा कंपनीने बदनामीच्या दाव्याची धमकी दिली तर घाबरून सगळं पुसून टाकू नका. लोकहिताच्या विषयावर बोलणाऱ्यांना गप्प करण्यासाठी घातलेले दावे लवकर फेटाळून घ्यायची तरतूद ओंटारियोत २०१५ पासून आणि ब्रिटिश कोलंबियात २०१९ पासून आहे. सू सेंट मरी इथल्या रहिवाशांच्या एका गटावर बिल्डरने ६० लाख डॉलरचा दावा लावला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. मात्र जे लिहाल ते कागदाच्या आधाराने लिहा. "पैसे खाल्ले" हा शब्द पुरावा हातात नसताना व्हॉट्सॲपवरही नको.

मंडळ किंवा देऊळ नोंदणीकृत चॅरिटी असेल तर पर्यावरणाच्या धोरणावर बोलायला पूर्ण मोकळीक आहे, पण एखाद्या पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करायला सक्त मनाई आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात उमेदवाराला व्यासपीठावर बोलावून "यांनाच निवडून द्या" म्हटलं तर चॅरिटीचा दर्जा धोक्यात येतो. बोलवायचं तर सगळ्या उमेदवारांना बोलवा.

आणि जमिनीचा प्रश्न असेल तर तिथली फर्स्ट नेशन कोणती आणि तिचं म्हणणं काय ते सर्वांत आधी शोधा. त्यांच्याशी सल्लामसलत करणं हे सरकारवर घटनेने आलेलं बंधन आहे, आणि आपण यायच्या कितीतरी आधीपासून हा लढा ते लढत आहेत. ओंटारियोतल्या ड्रायडनच्या कागद गिरणीने १९६० च्या दशकात नदीत सोडलेल्या पाऱ्याचे परिणाम ग्रासी नॅरोज या फर्स्ट नेशनचे लोक आजही भोगत आहेत. त्यांना न विचारता त्यांच्या वतीने बोलायला जाऊ नका.

११. उत्तर आल्यावर

उत्तराची प्रत काढा आणि तुमच्या प्रत्येक क्रमांकासमोर खूण करा: उत्तर दिलं, अर्धवट दिलं, टाळलं. टाळलेल्या प्रश्नांचं पुढचं पत्र लगेच पाठवा, आधीचा क्रमांक घालून. तीच प्रत विरोधी पक्षाच्या त्या खात्याच्या टीकाकाराला (क्रिटिक, म्हणजे त्या खात्यावर लक्ष ठेवणारा विरोधी खासदार) आणि हाउसच्या पर्यावरण समितीच्या क्लार्कला पाठवा. समितीचा एखादा अभ्यास सुरू असेल तर लेखी निवेदन कोणालाही देता येतं. अल्बर्टातल्या कर्ल तेलवाळूच्या प्रकल्पातून २०२२ मध्ये गळती सुरू झाली आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या अथाबास्का चिपेवायन या फर्स्ट नेशनच्या लोकांना तिचा खरा आवाका फेब्रुवारी २०२३ मध्ये कळला. कंपनीला आणि नियामकाला त्याचा जाब याच समितीने समोर बसवून विचारला.

स्थानिक वृत्तपत्राला लिहिताना भावनेपेक्षा तारखा द्या: अमुक दिवशी विचारलं, कायद्याने अमुक दिवशी उत्तर देय होतं, अमुक प्रश्न टाळला. बातमीदाराला यातच बातमी दिसते.

ओंटारियोत महापालिकेच्या निवडणुका दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी होतात. २०२६ मध्ये तो दिवस २६ ऑक्टोबरचा. मत नसलं तरी उमेदवारांच्या सभेत प्रश्न विचारता येतो, प्रचारात फुकट काम करता येतं. उन्हाळ्यातच सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न ईमेलने पाठवा आणि आलेली उत्तरं तारखेसह जशीच्या तशी फाइलमध्ये ठेवा. नव्या कौन्सिलचं पहिलं बजेट समितीपुढे येईल तेव्हा निवडून आलेल्याचं उत्तर जोडून डेप्युटेशनसाठी नाव नोंदवा.